चंदीच्या पोटातली धूळ

डोंगरपायथ्याच्या एका वाडीत म्हादबा नावाचा एक भोळा माणूस होता. सांगितलेलं तो तंतोतंत करायचा, आणि त्याची बायको गोदा नेमकी या सवयीलाच घाबरायची. त्यांची एक शेळी होती, चंदी. ती विकून पावसाआधी छपरावर पत्रे घालायचे होते. पण डोंगरापलीकडच्या कारखान्यातून किरणोत्सारी धूळ उडाली, गवतावर बसली, आणि जनावरांची विक्री बंद झाली.

सरकारी तपासणीला रेगेबाई आल्या. म्हणाल्या, "डोंगरावरचं गवत देऊ नका. शेळी जे खाते, ते दुधात उतरतं."

म्हादबाला हे फार आवडलं. संध्याकाळी त्याने चंदीला गूळ, आलं आणि चहाची पूड चारली, आणि खाली कप धरून बसला. चहा काही आला नाही. चंदीला मात्र तरतरी आली. ती छपरावर चढली. चार कौलं फुटली.

पुढच्या खेपेला बाईंनी निळी पूड दिली. "ही चाऱ्यात मिसळा. ती पोटातली धूळ धरून ठेवते आणि लेंड्यांतून बाहेर काढते."

दुसऱ्या दिवशी गोदा नदीवर निघाली. "घरात धूळ झालीय, तेवढी काढा," म्हणाली.

ती परतली तर जमीन निळी, अंथरूण निळं, पीठही निळं. म्हादबा उंबऱ्यावर बसलेला.

"हे काय केलंत?"

"धूळ धरलीय. आता घराच्या लेंड्या पडायच्या राहिल्यात."

गोदाने केरसुणी घेतली.

मग बाईंनी नवी पुडी गोदाच्याच हातात दिली आणि म्हादबाला समोर बसवलं. "घरातली धूळ झाडता येते. पोटात गेलेली मांसात मुरते, आत साठून राहते. स्वच्छ चारा दिला तर तीन आठवड्यांत अर्धी निघते. पुढच्या तीन आठवड्यांत उरलेल्याची अर्धी. कळलं?"

"कळलं."

चाऱ्याचं गोदानेच पाहिलं. काही महिन्यांनी बाईंनी किरणोत्सार मोजायचं यंत्र लावलं, चंदी स्वच्छ निघाली. बाईंनी विक्रीसाठी सही-शिक्क्याचा दाखला दिला.

गोदा म्हणाली, "तुमचा खिसा फाटलाय. पडणार नाही अशा जागी ठेवा." म्हादबाने बराच विचार केला.

बाजाराच्या फाटकावर कारकुनाने हात पुढे केला. "दाखला?"

"चंदीत आहे."

"म्हणजे?"

"चारला तिला. आत साठून राहतो. तीन आठवडे थांबा, अर्धा निघंल."

"अर्ध्या दाखल्यावर शेळी आत कशी सोडू?"

म्हादबाला त्याची अडचण पटली.

"मग आज अर्धीच सोडा," तो म्हणाला. "तीन आठवड्यांनी उरलेल्याची अर्धी आणतो."