येसाआईचा खांदेपालट

आमच्या आंबेघोळला यायला जेव्हा बैलवाटही नव्हती, त्या काळची ही गोष्ट. तेव्हा गावात येसाआई नावाची बाई गुडघे बघायची. फक्त गुडघे. ताप-खोकला घेऊन गेलात तर हाकलून द्यायची.

तिची रीत वेगळी. दुखऱ्या गुडघ्याला ती आधी हातच लावायची नाही. माणसाला पिंपळापर्यंत चालवायची, मग बसवून चांगला गुडघा चाचपायची. "तुझं बरं कसं असतं ते कळल्याबिगर दुखणं काय कळणार?" म्हणायची. तिचा हात लागला की गुडघा आपणहून बोलायचा, असं म्हणतात.

एकदा तिच्याकडे धाकू भोई आला. देवीच्या पालखीचा पुढचा उजवा खांदा हा त्याच्या घराण्याचा मान. मानाचा खांदा म्हणून तो घाटातल्या डोल्याही वर्षभर त्याच खांद्यावर वाहायचा. आता उजवा गुडघा सुजून मांडी घालता येईना, आणि जत्रा तोंडावर आलेली. पालखी उचलली नाही तर मान दुसऱ्या घरी जाणार, उचलली तर पाय कायमचा जाणार.

येसाआईने त्याला चालवलं. चाल जरा जड, पण सरळ. डावा गुडघा गार लागला, उजवा कोमट. दोन्ही वाकवले, सरळ केले, वाट्या हलवून पाहिल्या. मग म्हणाली, "आता डोली घेऊन चाल." ओझं चढताच उजवा गुडघा आत झुकला.

"एकाच अंगाला किती वरसं राबवशील, लेकरा? खांदा बदल."

"आई, मानाचा खांदा सोडला तर देवी कोपंल."

"मग तिलाच इचारू."

जत्रेच्या दिवशी येसाआई चढणीखालच्या दगडावर जाऊन बसली. विसाव्यासाठी पालखी तिथे टेकली, ती पुन्हा उचलेना. मानकरी ओरडले, त्यांचा घसा तेव्हाही आजच्याइतकाच मोठा होता. शेवटी धाकूने डोळे पुसले आणि डावीकडच्या गड्याशी जागा बदलली. पालखी रिकाम्या टोपलीसारखी वर आली, असं म्हणतात. काहीजण म्हणतात, म्हातारीनेच दांडी धरून ठेवली होती. धरली असेल तर तिला आणखी एक नमस्कार!

देवीनेच खांदा बदलवला म्हटल्यावर धाकूचा मान त्याच्याच घरी राहिला, आणि केस पिकेपर्यंत त्याने पालखी वाहिली.

तो दगड अजून आहे. पालखी तिथे टेकते, भोई खांदे बदलतात. उचलण्याआधी त्यांच्यातला वडीलधारा खाली बसून प्रत्येकाचे गुडघे चाचपतो, चांगला आधी. ऊन कितीही असो, देवी तेवढा वेळ थांबते.