वाढणारीच्या पानाची कहाणी

ऐका अन्नपूर्णे माते, तुझी कहाणी. बायांनो, हातात तांदळाचे दाणे घ्या. पाचच घ्या, मूठ भरू नका, तांदूळ काय भावानं आहेत ते मी तुम्हांला सांगायला नको. मांडीवरची पोरं गप्प करा, उद्याच्या भाजीची काळजी घटकाभर खाली ठेवा, आणि ऐका.

आटपाट नगर होतं. नगराला वेस होती, वेशीशी बाजार होता, बाजारात सगळं होतं. घ्यायला जावं तर गेल्या आठवड्याचा भाव मात्र नसे. त्या नगरात पुरुषोत्तम नावाचा एक गृहस्थ होता. कापडाच्या दुकानात गज घेऊन उभा राही. घरात त्याची म्हातारी आई होती, तालमीत जाणारा धाकटा भाऊ मनोहर होता, नऊ वर्षांची लेक कुंदा होती. आणि ह्या सगळ्यांना रांधून वाढणारी बायको होती, तिचं नाव वत्सला. तिनं माहेराहून येताना पितळेची अन्नपूर्णा आणली होती. बोटाएवढी मूर्ती, हातात पळी. देव्हाऱ्यात वाटीभर तांदळांत उभी असे.

वत्सला लग्न होऊन आली, तेव्हा सासूनं तिला पहिल्याच दिवशी फडताळापुढं उभं केलं. सांगितलं, ह्या घरात संपलं म्हणायचं नाही. नाही म्हणायचं नाही. बांगडी फुटली तर वाढली म्हणावं, दिवा विझला तर वाढला म्हणावं, मीठ सरलं तर मीठ वाढलं म्हणावं. संपलं म्हटलं की लक्ष्मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकते. वत्सला बरं म्हणाली. दहा वर्षं तिच्या तोंडून तो शब्द गेला नाही. तिनं तेल वाढलं म्हणावं, नवऱ्यानं संध्याकाळी बरणी भरून आणावी. असं चांगलं चाललं होतं.

मग काय झालं? भाव चढू लागले. आधी तेल चढलं. मग डाळ चढली. मग गॅसची टाकी चढली, तिच्यामागं विजेचं बिल चढलं, दूध चढलं, पुढचं मी म्हणत नाही, तुम्हांला पाठ आहे. सगळं चढलं, पगार तेवढा बसून राहिला. नवरा पहिल्या तारखेला पिशवी भरून आणी, ती विसाव्या तारखेलाच रिकामी होई. बाजारात, दुकानात, देवळाच्या पायरीवर जो तो एकच बोले, अमकं वाढलं नि तमकं वाढलं. इथंच सगळा घोटाळा झाला.

एके दिवशी बरणी कोरडी झाली. वत्सला नवऱ्याला म्हणाली, तेल वाढलं. नवरा चपला घालता घालता म्हणाला, हो ना, दुकानातही तेच चाललं होतं, काय दिवस आलेत. चपला घातल्या नि गेला. दुसऱ्या दिवशी ती दिराला म्हणाली, भाऊजी, तांदूळ वाढले. मनोहर म्हणाला, जुने असतील वहिनी, जुना तांदूळ शिजला की वाढतोच. असं म्हणून त्यानं आणखी दोन वाढपं भात मागून घेतला. तिसऱ्या दिवशी ती सासूला म्हणाली, डाळ वाढली. सासूला कानानं कमी ऐकू येई. ती म्हणाली, वाढलीस होय? आणि आपल्या पानात डाळ शोधू लागली. शब्द एक होता, ऐकणारे तीन होते, आणि वत्सलेच्या मनातलं कुणाच्याच कानात शिरलं नाही.

मग वत्सलेनं काय करावं? तिनं आपल्या पानापासून सुरुवात केली. आधी आपल्या भातावरचं तूप सोडलं. मग आपल्या वाटणीची भाजी सोडली. मग दुसरी पोळी सोडली. कुणी विचारलं, तू बसत नाहीस? तर म्हणे, माझं झालं. कधी म्हणे, रांधता रांधता चाखत होते. कधी म्हणे, आज एकादशी. बायांनो, महिन्याला एकादश्या किती? हिच्याकडे आठवड्याला दोन येऊ लागल्या, आणि घरात कुणाला नवल वाटलं नाही. तिच्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या. उठताना तिला भिंत धरावी लागू लागली. घरातले म्हणत, वत्सला मोठी भागवणारी हो. मला ह्या भागवणारी शब्दाचा भारी राग येतो, पण माझा राग कहाणीत कुठं घालू? पुढं ऐका.

एके शुक्रवारी तांदळाच्या डब्यात दाणा उरला नाही. वत्सलेनं देव्हाऱ्यापुढं हात जोडले, मूर्ती उचलली, आणि तिच्या पायांखालचे तांदूळ पातेल्यात ओतले. देवी रिकाम्या वाटीत उभी राहिली. पायांना वाटीचं पितळ गार लागलं. देवी मनात म्हणाली, माझ्या पायांखालचे गेले, म्हणजे हिच्या पोटातले केव्हाच गेले असतील. जाऊन पाहावं.

मग देवीनं म्हातारीचं रूप घेतलं, हातात काठी घेतली, भर दुपारी दाराशी आली. घरातले जेवून लवंडले होते. म्हणाली, बाई बाई, भुकेली आहे, काही वाढ. वत्सलेनं आपल्यासाठी उरलेला भात तिला वाढला. म्हातारी म्हणाली, तूही बस. वत्सला म्हणाली, माझं झालं. म्हातारी जेवली नि गेली. दुसऱ्या शुक्रवारी आली. वत्सलेनं उरलेली अर्धी पोळी वाढली. तूही बस. माझं झालं. म्हातारी जेवली नि गेली. तिसऱ्या शुक्रवारी आली. वत्सलेनं पातेल्याची खरवड काढून वाढली. म्हातारीनं पान मागं सारलं, म्हणाली, हात दाखव.

वत्सलेनं हात पुढं केला. म्हातारीनं तो नाकाशी नेला. बायांनो, जेवल्या हाताला वास असतो. आमटीचा असतो, ताकाचा असतो, लोणच्याचा तर दिवसभर असतो. हिच्या हाताला भांडी घासायच्या साबणाचा वास होता, दुसरा कसला नव्हता. म्हातारी म्हणाली, "अन्नाच्या बाबतीत खोटं बोलतेस, आणि तेही माझ्यापुढं?"

वत्सला रडू लागली. किती दिवसांनी कुणीतरी तिचा हात हातात घेतला होता. म्हणाली, आजी, मी काय करू? नाही म्हणायची ह्या घरात सोय नाही, आणि वाढलं म्हणते ते कुणाला समजत नाही. म्हातारीला तिची दया आली. म्हणाली, मी सांगते तो वसा घे. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी घ्यावा, घरात सगळे असताना घ्यावा. फडताळातले डबे खाली काढावे, झाकणं उघडावी, सगळ्यांना भोवती बसवावं. आहे ते आहे म्हणावं. नाही ते नाही म्हणावं, आणि तीनदा म्हणावं. मग जे असेल त्याचं रांधावं. जितकी माणसं तितकी पानं मांडावी. वाढणारीचं पान सगळ्यांच्या आधी वाढावं, आणि ते दुसऱ्यानं वाढावं. भूक लपवू नये, उपास चोरू नये, घेतला वसा मोडू नये. इतकं बोलून म्हातारी उठली. वत्सला पाहते तो अंगणात म्हातारी नाही नि काठीही नाही.

वत्सलेनं वसा ऐकला, पण केला नाही. महिन्याचा शेवटचा शुक्रवार आला. तिचा हात झाकणाला लागला, तशी सासूची शिकवण आठवली. आपल्या तोंडच्या एका शब्दानं घरची लक्ष्मी गेली तर? तिनं डबा होता तिथं ठेवला. शुक्रवार आला तसा गेला. तिला नावं ठेवू नका. तुम्ही तरी काय केलं असतंत?

मग पुढच्या महिन्यात काय झालं? कुंदा जेवायला बसली. एक पोळी खाल्ली, दुसरी आजीच्या पानात सरकवली नि उठली. आई म्हणाली, पोटभर जेव. कुंदा म्हणाली, माझं झालं. दुसऱ्या दिवशी अर्धा भात काकासाठी ठेवला. आईनं विचारलं, तर म्हणाली, माझं झालं. तिसऱ्या दिवशी शाळेतून सांगावा आला, मुलगी प्रार्थनेत उभ्या उभ्या चक्कर येऊन पडली, घेऊन जा.

वत्सला अनवाणी धावली. पोरगी शाळेच्या पायरीवर बसली होती, तोंड पांढरंफटक झालं होतं. आईनं तिला जवळ घेतलं. विचारलं, बाळ, सकाळी का नाही खाल्लंस? कुंदा म्हणाली, "मी आता मोठी झाले ना. मोठ्या बायकांचं आधीच झालेलं असतं."

वत्सलेला आपलेच शब्द ऐकू आले. मनात म्हणाली, मी तूप सोडलं, भाजी सोडली, पोळी सोडली, पोरीला कमी पडू नये म्हणून सोडलं. आणि पोरीनं माझ्याकडून उचललं ते हे. तिनं कुंदाला कडेवर घेतलं. नऊ वर्षांची पोर, तिला उचलायला जड वाटली नाही, म्हणून ती वाटेत आणखीच रडली.

घरी आली. तो महिन्याचा शेवटचा शुक्रवार होता, दुकानाची सुट्टी होती, सगळे घरात होते. वत्सलेनं कुंदाला पाटावर बसवलं, गूळ-पाणी दिलं. मग फडताळ उघडलं. एक डबा काढला, दुसरा काढला, तिसरा काढला. पत्र्याचा आवाज ऐकून नवरा आला, दीर आला, सासू आली. सासू म्हणाली, सूनबाई, हे काय मांडलंस? वत्सलेनं तांदळाचा डबा उपडा केला नि म्हणाली, संपले. तेलाची बरणी उपडी केली नि म्हणाली, संपलं. डाळीचा डबा उपडा केला नि म्हणाली, संपली. नाही, नाही, नाही. आवाज एवढा चढला, की सासूच्या कानातही शिरला.

मग म्हणाली, "आणि माझं झालेलं नाही. तीन महिने झाले, माझं एकदाही झालेलं नाही. आता पोरगीही तेच म्हणू लागली."

नवऱ्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. म्हणाला, तू तेल वाढलं म्हणालीस, मला वाटलं तू भावाचंच बोलतेस. मनोहरला मागून घेतलेला भात आठवला, तो मान खाली घालून बसला. मग सगळे सासूकडे पाहू लागले. ती डब्याच्या तळाकडे पाहत होती. आता ही काय बोलते म्हणून वत्सलेनं डोळे मिटून घेतले.

सासू म्हणाली, "वाढलं हा शब्द मला माझ्या सासूनं शिकवला. माझंही चाळीस वर्षं रोज झालेलंच असायचं, कुणी विचारलं नाही. लक्ष्मी बाहेर जाईल म्हणून मी भीत राहिले. ती घरात भिंत धरून चालत होती, ते मला दिसलं नाही."

ती उठली, आपली ट्रंक उघडली. आत लुगड्यांखाली कुळथाच्या पिठाची पुरचुंडी होती आणि आपल्यापुरती लपवलेली तुपाची वाटी होती. लाजत लाजत दोन्ही डब्यांशेजारी आणून ठेवली. मग त्या पिठाचं पिठलं झालं, डब्याच्या तळाशी उरलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या झाल्या. पाच पानं मांडली. नवऱ्यानं जन्मात पळी धरली नव्हती, त्यानं धरली. अर्धं पिठलं पानाबाहेर सांडलं, पण पहिलं पान वत्सलेचं वाढलं. सासूनं त्यावर तूप घातलं. कुंदा घास हातात धरून आईकडे पाहत राहिली. आईनं पहिला घास घेतला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. कुंदानं विचारलं, आई, तुझं झालं? वत्सला म्हणाली, नाही गं, आत्ता कुठं होतंय. मग कुंदा दोन भाकऱ्या जेवली.

पुढं काय झालं? भाव उतरले का? नाही उतरले. देवी झाली तरी बाजारावर तिचं काय चालतं? पण नवरा आता पिशवी आणायला बायकोला बरोबर नेऊ लागला, दुकानासमोरचा दोन वेळचा चहा त्यानं सोडला. मनोहर तालमीतून येताना घरोघर दूध टाकू लागला. सासूनं शिकवलं की डाळ आधी भिजत घालावी, भात, वरण नि भाजी एकाच कुकरात लावावी, गॅस महिन्यावर चार दिवस पुरतो. शेजारच्या चार घरांनी मिळून ज्वारीचं पोतं घेतलं नि वाटून घेतलं. तरीही एखादा महिना कमी पडेच. पडे तेव्हा पाचांना थोडं थोडं पडे, एकीला सगळं पडत नसे. नवे तांदूळ घरात आले की पहिली मूठ देव्हाऱ्यातल्या वाटीत जाई, आणि देवी तांदळांत उभी राहून हसे.

जशी अन्नपूर्णा वत्सलेला भेटली, तशी तुम्हांआम्हांला भेटो. जसं तिचं पान आधी वाढलं गेलं, तसं घरोघरच्या रांधणारीचं वाढलं जावो. कुणाच्या लेकीला खोटी एकादशी न येवो. हातातले पाच दाणे फेकू नका, देवीच्या वाटीत घाला.

ही साठां डब्यांची कहाणी, पांचां पानीं वाढून सुफळ संपूर्ण. कहाणी संपली, वाढली म्हणत नाही. आणि बायांनो, पहाटेपासून ह्या पूजेचा स्वयंपाक मीच करते आहे, माझं अजून झालेलं नाही. कुणीतरी उठा, आणि आधी मला वाढा.