वडाखालची सभा आणि चिंचेवरच्या खारी

मोठ्या वणव्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी, भर वैशाखात, माकडांनी खारींच्या चिंचेवर चढाई केली आणि ढोल्या फोडायला सुरुवात केली. म्हातारी खार धापा टाकत वडाखालच्या रानसभेपुढे आली.

"तीव्र निषेध!" सभापती बगळा म्हणाला. "पण याला लढाई म्हणायचं की झटापट, ते आधी ठरवू."

"दादा, ते ठरेपर्यंत माझी पिल्लं उरायची नाहीत."

तीन दिवसांनी माकडांना हुसकावण्याचा ठराव आला. सभेत पाच ज्येष्ठ होते. त्यांतला एक जरी 'नाही' म्हणाला, तरी ठराव पडे. पाचांत माकडांचा म्होरक्याही होता. तो 'नाही' म्हणाला. मग सभेने चिंचेखाली एक कासव पाठवले.

"वाईट वाटतं बाई," कासव म्हणाले, "पण मला फक्त बघायला धाडलंय."

एकच ढोली उरली, तेव्हा कड्यावरून आग्या मधमाश्या उठल्या. वणव्यात त्यांचे पोळे जळाले होते आणि खारींनी त्यांना याच चिंचेवर जागा दिली होती. माकडे किंचाळत पळाली.

"सभेची परवानगी घेतलीत का?" बगळा ओरडला.

"खारींनी वणव्यात कुणाची घेतली होती?" राणीमाशी म्हणाली.

उपकार फेडून मधमाश्या कड्यावर परतल्या.