कपाटातली काळी माती

एका डोंगराळ गावात भूगोलाचे एक शिक्षक राहत असत. नाव दत्ताराम केशव निमकर; वय वर्षे सत्तावन्न. त्यांचे मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेले होते आणि तिथली माणसे दाही दिशांना पांगली होती. निघताना गुरुजींनी आपल्या शेतातली काळी माती एका बरणीत भरून घेतली होती. शाळेच्या काचेच्या कपाटात ती कुलपात असे. मधल्या सुट्टीत मुले घोळक्याने डबे खात. गुरुजी त्या कपाटासमोर एकटेच जेवत.

त्या वर्षी मुलांनी शाळेच्या अंगणात घेवडा लावला. तांबड्या, मुरमाड जमिनीत तो वाळून गेला. पुन्हा लावला, पुन्हा वाळला.

"रोज पाणी घालतो, तरी का वाळतो, गुरुजी?" शेवंताने विचारले.

गुरुजींनी मातीचा धडा काढला. "मुरमाड माती पाणी धरून ठेवीत नाही. काळी माती धरते. आणि ध्यानात ठेवा, हाताळल्याखेरीज माती कळत नाही."

"मग कपाटातली द्या की. एका आळ्यापुरती होईल."

"ती केवळ पाहण्यासाठी आहे."

"गप गं," मागून म्हादू म्हणाला, "तो गुरुजींचा देव आहे. नैवेद्य दाखवल्याशिवाय जेवत नाहीत ते."

वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत.

मधल्या सुट्टीत त्यांनी बरणी उघडली. वास घेतला, वास नव्हता. बोट खुपसले; ते आत जाईना. मातीचा दगड झाला होता. इतक्या वर्षांत तिच्यात गवताची काडीही उगवली नव्हती. ती दिली, तर गावाची शेवटची खूण जाणार होती. पण ठेवली, तरी ती दगडच राहणार होती. गुरुजी बरणी घेऊन अंगणात आले.

"शेवंता, पाणी आण."

ढेकूळ भिजले, फुगले, हातात मऊ झाले. गुरुजी ते तांबड्या मातीत कालवू लागले.

"सगळी, गुरुजी?" म्हादू हलकेच म्हणाला. "थोडी ठेवा की तुमच्याजवळ."

"ठेवली होती," गुरुजी म्हणाले, "पुष्कळ वर्षे."

त्या आळ्यातला घेवडा जगला आणि खिडकीपर्यंत चढला. कपाटाला पुन्हा कुलूप लागले नाही. गुरुजी मुलांच्या घोळक्यात बसून जेवू लागले.

तात्पर्य एवढेच की, गेलेल्याची आठवण कुलपात ठेवली तर ती आपल्यालाच एकटे पाडते; चारचौघांत मिसळली तर तिच्यात काही रुजते.