काशाच्या ताटातली जास्वंद

भिक्षूंचे गुरू, ज्यांना सारे शास्ते म्हणत, एका आम्रवनातल्या विहारात राहत होते तेव्हाची गोष्ट. रुग्णशाळेत औषध देणाऱ्या सुगुप्त नावाच्या भिक्षूने विमद नावाच्या म्हाताऱ्या भिक्षूला चुकून भलताच काढा दिला. म्हाताऱ्याच्या पोटात आग पडली, पण सुगुप्ताने विचारले की तो म्हणे, "बरं वाटतंय." हे खरे नाही हे सुगुप्ताला कळत होते. तरी तो ते खरे धरून चालला, कारण त्यात त्याची सोय होती. गोष्ट शास्त्यांच्या कानावर गेली. ते रागावले नाहीत. त्यांनी सुगुप्ताला जवळ बसवून घेतले आणि एक जुनी हकिगत सांगितली.

मृणालपूर नावाचे नगर तळ्यांनी वेढलेले होते आणि तिथल्या सकाळी धुक्यातच उजाडत. धुके बाहेरचे की डोळ्यातले, हे तिथल्या म्हाताऱ्या माणसांना पुष्कळदा कळत नसे. धवलसेन राजा तिथे राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्या नगरात नेत्रवैद्य होते, आणि लोक त्यांना विशोक म्हणत.

मोतीबिंदू झालेल्या माणसाच्या डोळ्यातला पडदा विशोक सुईसारख्या बारीक शलाकेने अलगद बाजूला सारीत. त्या विद्येचा नियम असा होता की डावा डोळा उजव्या हाताने करायचा आणि उजवा डोळा डाव्या हाताने. मग सात दिवस तुपात भिजवलेली पट्टी. आठव्या सकाळी पट्टी सोडताना समोर पाण्याने भरलेले काशाचे ताट ठेवीत आणि त्यात एक पांढरे कमळ सोडीत. "काय दिसतं?" असे विशोक विचारीत. "कमळ," असे रोगी म्हणे आणि बहुतेक वेळा रडू लागे. ही रीत साऱ्या नगराला पाठ होती. आया मुलांना निजवताना त्या ताटाची गोष्ट सांगत.

एका मार्गशीर्षात कुसुंभा नावाची विणकरीण त्यांच्याकडे आली. तिचा डावा डोळा लहानपणीच देवीत गेला होता आणि उजव्यात मोतीबिंदू पिकला होता. तिच्या मागावर नातीच्या लग्नाचे वस्त्र अर्धे राहिले होते. काठावर हंसांची रांग होती आणि सातव्या हंसाला अजून मान नव्हती.

विशोकांनी डाव्या हातात शलाका धरली. काम चालू असताना तिचे टोक कुठे आहे ते क्षणभर बोटांना कळेनासे झाले. थंडीमुळे असेल, असे त्यांनी मनाशी म्हटले. मोठ्या वैद्यांना अशा वेळी थंडी फार उपयोगी पडते.

आठवा दिवस उजाडला. गारठ्याने तळ्यातली कमळे करपून गेली होती, म्हणून विशोकांनी परसातली लाल जास्वंद तोडून ताटात सोडली आणि पट्टी सोडली. कुसुंभा बराच वेळ ताटाकडे तोंड करून बसली. मग हसून म्हणाली, "दिसतंय हो वैद्यबाबा. कमळ आहे. पांढरंशुभ्र."

विशोक ताटातल्या जास्वंदीकडे पाहत राहिले. तिची नात तिला हाताला धरून ओसरीवर घेऊन गेली.

त्या घरात शिकाऊ वैद्यांसाठी एक कसोटी होती. ताटातल्या पाण्यावर तीळ तरंगत ठेवायचा, शलाकेच्या टोकाने त्याला शिवायचे आणि पाणी हलू द्यायचे नाही. विशोकांनी उजव्या हाताने तिळाला शिवून पाहिले. पाणी झोपलेलेच राहिले. मग त्यांनी डाव्या हाताने शिवले, आणि एकामागून एक वर्तुळे काठापर्यंत गेली. ती विरेपर्यंत ते पाहत राहिले. बोटे जड वाटू लागल्यापासून, म्हणजे आषाढापासून, त्या हाताने केलेले आणखी पाच उजवे डोळे त्यांना आठवले. त्या पाचही जणांनी कमळच सांगितले होते.

त्यांचा शिष्य वर्धन दारातून हे पाहत होता. पंधरा वर्षे तो तिथे होता, त्याचेही केस पिकायला लागले होते, पण उजव्या डोळ्याला हात लावायची मुभा विशोकांनी त्याला कधी दिली नव्हती.

"आचार्य, उद्या महाराजांचा डोळा आहे," तो हळूच म्हणाला.

"हो. उजवा."

"आणि उद्याच राजवैद्यपदाची पालखी तुमच्या दारात यायची आहे. म्हातारी दिसतंय म्हणते ना? मग झालं तर. महाराजांच्या वेळी जरा जपून करा. हे बाहेर फुटलं तर या घराची पायरी कोण चढेल?"

विशोकांना ते दोन-चार श्वासांपुरते पटलेसुद्धा. चाळीस वर्षांत मिळवलेले नाव होते, ते सोडवत नव्हते. तेवढ्यात ओसरीवरून कुसुंभेचा आवाज आला. ती नातीशी बोलत होती, पण आत ऐकू जावे एवढ्या मोठ्याने. "घरी गेल्याबरोबर सातव्या हंसाची मान घालते हं."

ते ऐकून विशोक उठले, बाहेर गेले आणि तिच्यापुढे जमिनीवर बसले.

"कुसुंभाबाई, ताटात कमळ नव्हतं. जास्वंद होती. तुमचा डोळा माझ्या हातून गेला. माझा डावा हात बधिर झालाय. ते मला आधीच कळलं होतं, पण मी कळून घेतलं नाही."

कुसुंभेचा स्वर बदलला. "पट्टीच्या आतच कळलं होतं मला. आधी उजेड तरी जाणवायचा, तोही गेला. म्हटलं, सगळ्यांना दिसतं, मग खोट माझ्याच नशिबात असेल. एवढा जीव लावून करता तुम्ही. तुमचं तोंड पडायला नको, म्हणून बोलले." आणि एकदम ती रडू लागली. "पण माझा हंस अर्धा राहिला हो!"

विशोकही रडले. क्षमा मागितली, पण तिने ती करावी अशी अपेक्षा धरली नाही. दुपारी ते बाकीच्या पाचही घरी गेले. त्यांतल्या दोघांना काहीच दिसत नव्हते. कमळ कसे सांगितले, असे विचारल्यावर एक म्हातारा ओशाळून म्हणाला, "तिथं दुसरं काय असणार?"

दुसऱ्या दिवशी भरल्या सभेत विशोकांनी हे सारे सांगितले. "महाराज, हा हात तुमच्या डोळ्याला लावणार नाही. कोणाच्याच लावणार नाही. वर्धनाचा डावा हात स्थिर आहे. त्याला मी इतकी वर्षं अडवून ठेवलं, तीही माझीच चूक. पण आधी त्याची कसोटी घ्या."

ताट आले, पाण्यावर तीळ ठेवला. राजाने मान पुढे काढली, पण दोन्ही डोळ्यांतल्या पडद्यांमुळे त्याला धूसर पांढरे सोडून काही दिसेना. "पाणी हललं का?" त्याने विचारले.

"नाही महाराज! तसूभरही नाही!" सारी सभा म्हणाली.

वर्धनाने अजून शलाका उचललीसुद्धा नव्हती. त्याने तसे सांगितले तेव्हा राजा हसता हसता थांबला. इतकी वर्षे आपल्याला अशीच किती कमळे दाखवली असतील, असे त्याच्या मनात आले असावे. "बाकीच्यांनी गप्प बसा," तो म्हणाला. "विशोक, तुम्ही एकटेच बघा आणि सांगा. तुम्ही स्वतःच्या हाताविरुद्ध साक्ष दिली आहे."

वर्धनाने तिळाला शिवले. "नाही हललं, महाराज," विशोक म्हणाले.

मग वर्धनाने राजाचा डोळा केला. आठव्या दिवशी पट्टी सुटली तेव्हा सारे दरबारी कमळ म्हणायला तोंड उघडून उभे होते. राजा ताटात पाहत राहिला. "यात काही नाही," तो म्हणाला. "नुसतं पाणी आहे. आणि त्यात माझं पिकलेलं डोकं."

ताट खरेच रिकामे होते. तेव्हापासून त्या घरात ताटात रोज वेगळे काही ठेवू लागले, कधी काहीच नाही. पट्टी सोडण्याआधी वैद्य म्हणे, "दिसलं नाही तर दिसलं नाही म्हणा. त्यात तुमचा दोष नाही."

राजवैद्यपदाची पालखी विशोकांनी वर्धनाच्या दारी पाठवली. स्वतः ते रोज सकाळी धुक्यातून कुसुंभेच्या घरी जात आणि मागाजवळ बसून तिच्या हातात धागा देत. "हा पांढरा," ते सांगत. "हा चोचीचा तांबडा." तिची बोटे बाकीचे सारे जाणत होती. पहिले काही दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. मग एकदा तिने विचारले, "वाकडी झाली का हो मान?"

विशोकांनी नीट पाहिले. "थोडी झाली," ते म्हणाले.

"असू दे," कुसुंभा म्हणाली. "बाकी सगळे सरळ पाहतात. हा मागे वळून पाहील." नातीने लग्नात तेच वस्त्र नेसले.

एवढे सांगून शास्त्यांनी गतजन्माची गाठ उलगडली. "तेव्हाचा धवलसेन आज या आम्रवनाचा माळी आहे, आणि फळ आंबट असलं तर तो मला आंबटच सांगतो. कुसुंभा म्हणजे आपला विमद. वर्धन, सुगुप्ता, तू होतास. आणि जास्वंद पाहूनही दोन-चार श्वास गप्प राहिलेला तो वैद्य मी होतो. ते श्वास मला अजून आठवतात. सत्याची पारमिता, म्हणजे त्याची पूर्णता, मी त्या ओसरीवर बसून शिकलो."

सुगुप्त उठला आणि रुग्णशाळेत गेला. विमदाच्या उशाशी बसून त्याने चुकलेल्या काढ्याचे सारे सांगितले. मग विचारले, "भंते, आता खरं सांगा. कसं वाटतंय?"

म्हाताऱ्याने त्याचा हात घट्ट धरला. "पोटात आग पडलीय रे बाबा," तो म्हणाला.