रोहिदासची ढांग

"माझ्या एका ढांगेत त्याची दीड पावलं मावतात, आक्का. मग तो पुढे कसा?"

विचारणारा रोहिदास पाष्टे. ताडमाड उंच, आणि बोलताना हनुवटी कायम वर. आक्का मठाच्या पायरीवर बसल्या होत्या, तो त्यांच्यासमोर उभा होता. त्यांच्याशी बोलतानाही त्याने हनुवटी खाली केली नव्हती.

आक्का म्हणजे सड्यावरच्या दत्तमठातल्या येसूआक्का. गावाच्या डोक्यावर कातळाचं उघडं पठार आहे, त्याला आम्ही सडा म्हणतो. आक्का तरुणपणी राज्याकडून धावल्या, पुढे शाळेत खेळ शिकवले आणि निवृत्त झाल्यावर इथे येऊन राहिल्या. मठात येणाऱ्यांपैकी निम्मे दत्ताच्या दर्शनाला येतात, निम्मे आक्कांकडे. मी इथलं कोठीघर सांभाळतो. आक्कांचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

"तो म्हणजे कोण?" आक्कांनी विचारलं.

"इम्रान मुकादम. माझ्या खांद्यालासुद्धा लागत नाही. शेवटच्या वळणापर्यंत मी पुढे असतो... आणि मग तो."

"दरवेळी?"

"दरवेळी. पण हरल्याचं मला काही वाटत नाही. लोक बघायला येतात ती माझी ढांग. गावात कोणालाही विचारा."

आक्कांनी कोणाला विचारलं नाही.

"वाटत नाही, तर इथे कशाला आलास?"

"रविवारी राज्याच्या संघाची निवड आहे. एकालाच घेणार. पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही."

हे सांगताना मात्र त्याचा आवाज उतरला. मला त्याचं वाईट वाटलं.

"मग तयारी काय चाललीय?"

"ढांग वाढवतोय. अजून वीतभर वाढली ना, की तो मला गाठूच शकणार नाही. आमचे कोच उलटंच सांगतात. म्हणतात, ढांग सोड, पावलं भरभर पडू देत. मोबाईलवर टिकटिक लावून दिलीय. त्या ठेक्यावर पळायचं म्हणे! मी काय शिवणयंत्र आहे?"

मला हसू फुटलं. आक्का हसल्या नाहीत.

"बूट काढ," त्या म्हणाल्या.

"आत्ता?"

"आत्ता. मोजेपण."

वैशाखातली टळटळीत दुपार होती. मठातलं कुत्रंदेखील भिंतीची सावली सोडायला तयार नव्हतं. आक्कांनी कातळापलीकडच्या काजूच्या झाडाकडे बोट दाखवलं.

"त्याला हात लावून ये. पळत."

रोहिदासने बूट काढले. एकदा माझ्याकडे पाहिलं, बघून घ्या म्हणावं तसं, आणि निघाला.

पहिली ढांग खरोखर बघण्यासारखी होती, मी नाही म्हणणार नाही. पाय लांब पुढे गेला, टाच कातळावर टेकली आणि "आई गं!" अशी बोंब सड्यावर घुमली. दुसरी ढांग निम्म्यावर आली. त्यानंतर ढांग अशी राहिलीच नाही. पाय टेकतो न टेकतो तोच वर, की लगेच दुसरा. आणि जो टेकत होता तो पुढे कुठेतरी नाही, बरोब्बर अंगाखाली. एवढा दांडगा गडी, पण वाऱ्यावर चालल्यासारखा गेला. काजूला कधी हात लावला आणि कधी परत आला, मला कळलंसुद्धा नाही.

सावलीत येऊन तो तळवे चोळत बसला. मी पाण्याची बादली पुढे सरकवली. त्याने दोन्ही पाय आत बुडवले आणि डोळे मिटले.

"पाऊल कुठे टाकत होतास?" आक्कांनी विचारलं.

"टाकत..." रोहिदासने डोळे उघडले. "टाकत नव्हतोच, आक्का. नुसतं उचलत होतो."

"हं."

"म्हणजे इतके दिवस मी टाकतच होतो! पाय लांब टाकायचा आणि आपल्याच पायावर अडायचं. इम्रान टाकतच नाही. तो उचलतो." तो बादलीतच उभा राहिला. हनुवटी पुन्हा वर गेली. "सापडलं! आता रविवारी बघाच तुम्ही!"

"बूट घाल."

"घालतो. येतो मग, आक्का."

"जायचं नाही अजून. बूट घाल आणि पुन्हा काजूला हात लावून ये."

तो मोठ्या ऐटीत निघाला. सुरुवातीची काही पावलं भराभर पडली. मग एक जरा लांब पडलं. त्याच्या पुढचं आणखी लांब. काजूपर्यंत पोचेतो जुनी ढांग पुरी परत आली होती आणि टाचेचा धप्प धप्प आवाज मठापर्यंत ऐकू येत होता. त्यालाही तो ऐकू आला असणार. परतताना तो पळालाच नाही, चालत आला.

पायरीपाशी येऊन तो मान खाली घालून उभा राहिला. इतक्या वेळात त्याच्या डोक्याचा भोवरा मला पहिल्यांदा दिसला.

"बूट घातले की जमत नाही, आक्का. पायाला कातळ लागतच नाही."

"टिकटिक आहे ना तुझ्याकडे?"

"ती कानाला ऐकू येते. पायाला नाही येत."

आक्कांनी मान डोलावली. मला वाटलं, त्या खूश झाल्या.

"अनवाणी पळू का?"

"पळ की."

"पण शर्यत सकाळी आहे." त्याचा आवाज रडवेला झाला. "सकाळी मैदान गारेगार असतं, पाणी मारलेलं. तिथे हा चटका मी कुठून आणू?"

आक्का गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठल्या, दोन पायऱ्या उतरून त्याच्या अगदी समोर आल्या. मान वर करून त्यांनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं...

"इम्रान पुढे गेला, तेव्हा चटका लागला नव्हता का रे?"