उघड्या हातांचा दगड

पाठीवरच्या पिशव्या जरा खाली ठेवा, मंडळी. पठारावरचं विमान तुम्ही आत्ताच पाहून आलात. कातळात अर्धं रुतलेलं इंजिन आहे, पंखाचा सांगाडा आहे, आणि चाकाचं एक लोखंड आहे. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं, ते आमची गुरं पितात. बाकीचा पत्रा वाऱ्यापावसानं खाल्ला. आमच्या आंबळवाडीत कुणाच्याही घरी त्यातला एक खिळासुद्धा सापडायचा नाही.

आता खाली उतरण्याआधी या दगडापुढं उभं राहायचं आणि दोन्ही तळवे उघडून दाखवायचे. हा देवाचा दगड नाही. याला शेंदूर नाही, नारळ नाही. तरी गुराखी दाखवतात, लाकूडफाटा आणणाऱ्या बायका मोळी उतरवून दाखवतात, नवी नवरीसुद्धा दाखवते. का, ते सांगतो.

मोठी लढाई चालू होती, राज्य इंग्रजांचं होतं. श्रावणात एका सकाळी, धुकं इतकं दाट की गोठ्याच्या दारातून बैल दिसेना, अशात कड्यावर काहीतरी आदळलं. म्हणे घराघरातली उतरंड हलली. माणसं वर धावली. विमानात पाच जण होते. चार जागीच गेले होते. पाचवा जिवंत होता, पण दोन्ही पाय मोडलेले. मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं, आणि केस मक्याच्या कणसाच्या तुऱ्यासारखे पिवळे.

पठारावर चिमा बांबळेचा गुरांचा गोठा होता. त्याची बायको राही, ती माझ्या आजीची धाकटी जाऊ. त्यांनी त्या पोराला गोठ्यात आणलं. राहीनं पायांना बांबूच्या कामट्या बांधल्या, हळद भरली, तांदळाची पेज चमच्याचमच्यानं पाजली. भाषा कळत नव्हती. तो खालच्या बाजूला बोट करी आणि काहीतरी विनवी. तेवढं कळायला भाषा लागत नाही.

चिमा इरलं घेऊन पोलीस चौकीला निघाला. नदीला पूर, वाट दिवसभराची. त्याला दारात अडवून राही म्हणाली, "तुमच्या नुसत्या सांगण्याव कोण इश्वास ठेवील? काय तरी खूण न्या संगं."

तिनं पोराच्या मनगटावरच्या घड्याळाकडं हात केला. त्यानं ओळखलं. स्वतःच काढून चिमाच्या मुठीत ठेवलं. चिमा न्यायला तयार नव्हता, राहीनं हट्टानं धाडलं.

चौकीत पोचून चिमा म्हणाला, "सायेब, डोंगराव इमान पडलंय. एक गोरा जित्ता हाय. बिगी चला." आणि त्यानं मूठ उघडली.

त्या दिवसांत भूमिगतांची धरपकड चालली होती. डोंगरातून आमच्यासारखा डोंगरकोळी माणूस येतो आणि फौजदाराला वर बोलावतो, म्हणजे चौकी रिकामी करायचा डाव असणार, असं फौजदाराला वाटलं. आणि हातात गोऱ्याचं घड्याळ! "कुणाला मारून आणलंस?" एवढंच त्यानं विचारलं. चिमाला कोठडीत घातला. तो मार खाता खाता एकच सांगत राहिला, "आधी वर जावा, मग मला मारा." वर कुणी गेलं नाही.

इकडं पोर तीन दिवस दाराकडं डोळे लावून होतं. चौथ्या दिवशी पहाटे त्यानं राहीचा हात धरला आणि जीव सोडला. दुपारी लष्कराची तुकडी आपली आपण शोधत आली. त्यांच्यातल्या एका हवालदाराला मराठी येत होती. राही त्याला म्हणाली, "माझा माणूस तुमास्नी बलवायला आलता. त्यो कुटंय?"

हवालदारानं साहेबाला सांगितलं. साहेबानं वहीत काही लिहून घेतलं, आणि पाचही प्रेतं उचलून ते निघून गेले.

वहीतलं ते कोर्टापर्यंत पोचलंच नाही; घड्याळ लष्करी माल ठरलं, आणि ते चोरलं म्हणून चिमाला दोन वर्षांची सजा झाली. तुरुंगात रोज संध्याकाळी कैद्यांना ओळीनं उभं करून तळवे उघडून दाखवायला लावीत, असं सांगतात. सुटून आला तो मुका झाल्यासारखाच. गुरं घेऊन पठारावर जाई, आणि उतरताना इथं, या दगडाशी, जो भेटेल त्याच्यापुढं दोन्ही हात उघडून उभा राही. "बगा, काय आनलं नाय," म्हणे. मी लहान असताना माझ्यापुढंही तो असा उभा राहिलाय. कुणी भेटलं नाही तर दगडाला दाखवी.

टारगट लोक हसू लागले. तेव्हा एक दिवस राही त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिनंही आपले हात उघडले. दुसऱ्या दिवशी माझ्या आजीनं उघडले. मग सगळ्या वाडीनं. पुढं हसायला कुणी उरलंच नाही.

चिमाच्या नावावरचा डाग पुसून घ्यायला राही दोनदा तालुक्याला चालत गेली. कारकून म्हणाला, "ज्याच्यावर खटला झाला त्याला घेऊन ये." चिमा चौकीची दिशासुद्धा धरीना. तो वारल्यावर ती तिसऱ्यांदा गेली. कारकून म्हणाला, "बाई, आता माणूसच राहिला नाही, तर नाव सोडवायचं कुणाचं?" त्या दिवसापासून मरेपर्यंत ती एकच बोलायची, "घड्याळ न्या म्हनून मीच सांगितलं."

पुढं कधीतरी त्या पाच जणांची माणसं दूर देशातून आली. मोठे सरकारी साहेब बरोबर होते. पठारावर संगमरवरी पाटी बसवली, पाचही नावं कोरली. माझ्या बापानं हात जोडून विचारलं, की खाली एक ओळ चिमाबाबाची घालता का. साहेबांनी कागद मागवले, वाचले आणि म्हणाले, गुन्हेगाराचं नाव घालता येत नाही.

आजही दर वर्षी पाटीपुढं फुलं येतात. आजही तालुक्याच्या दप्तरात चिमा बांबळे चोरच आहे.